वडापावाच्या साखळ्या आणि अष्ट आहारविधिविशेषायतने : बीड जिल्ह्याच्या अनुषंगाने

आहार, स्वप्न व ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांपैकी आहाराचा विचार आपल्या शास्त्राने अत्यंत विस्ताराने केला आहे, हे वाचकांस विदितच आहे. तथापि चिकित्सालयात बसल्यावर हा सारा विस्तार आपण बहुधा एकाच वाक्यात गुंडाळतो : 'बाहेरचे खाऊ नका.' रुग्ण मान डोलावतो, औषधाची पुडी खिशात घालतो आणि बसस्थानकाच्या कोपऱ्यावर वडापाव खाऊन गावाकडची गाडी पकडतो. पंधरा दिवसांनी तोच रुग्ण त्याच छातीतील जळजळीसह परत येतो, अथवा येतच नाही व परस्पर औषधी भांडारातून चूर्ण नेत राहतो. पथ्य न पाळल्याचा दोष सर्वस्वी रुग्णाच्या माथी मारण्यापूर्वी आपला उपदेशच अपुरा आहे की काय, हे पाहणे आवश्यक वाटते. कारण 'बाहेरचे' हा आता एक पदार्थ राहिलेला नाही. हातगाडीवरचा वडापाव व साखळी दुकानातला वडापाव दिसायला एक असले तरी चरकोक्त आठ आयतनांच्या कसोटीवर ते दोन निराळे आहार आहेत, आणि खाणाऱ्याप्रमाणे त्यांचे परिणामही निराळे होतात. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा ऊहापोह करण्याचे योजिले आहे.

पदार्थाची वाटचाल

वडापावाचे जनकत्व सामान्यतः अशोक वैद्य यांना दिले जाते. त्यांनी १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर हा पदार्थ विकावयास आरंभ केला. (आडनाव वैद्य असावे हा केवळ योगायोग, त्याचा दोष आपल्या पंथाकडे येऊ नये.) गिरणीतल्या पाळ्या, लोकलची घाई आणि अल्प पैसा या तिन्हींना पुरे पडेल असे हे अन्न होते. एका हाताने खाता येते, ताटवाटी लागत नाही, पोट भरल्यासारखे वाटते. १९८२ च्या गिरणी संपानंतर बेकार झालेल्या अनेकांनी याच गाड्यांवर संसार चालविले, हेही विसरता येत नाही.

पुढे १९९६ साली मॅकडोनाल्ड्स दिल्ली व मुंबईत आले, २००१ साली सबवे ही सँडविचची अमेरिकन साखळी दिल्लीत उघडली, आणि त्याच २००१ साली धीरज गुप्ता यांनी मालाड स्थानकाजवळ जे दुकान काढले त्यातून जम्बोकिंग ही वडापावाची साखळी उभी राहिली. २००४ मध्ये वेंकटेश अय्यर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कल्याण येथे गोली वडापाव सुरू केला व लहान शहरांकडे मोर्चा वळविला. जम्बोकिंगने तर पुढे आपला पदार्थ 'इंडियन बर्गर' म्हणून मांडावयास प्रारंभ केला. २०१० पासून लंडनमध्येही मराठी तरुणांनी वडापावाचे दुकान चालविले आहे, आणि २०२४ साली टेस्टॲटलस या खाद्यविषयक मार्गदर्शिकेने जगातील उत्तम सँडविचांच्या यादीत वडापावास १९ वे स्थान दिले. सँडविच म्हणून परदेशातून जे आले, त्याला महाराष्ट्राने दिलेले हे उत्तर होय.

बीड जिल्ह्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. वडापाव हे रेल्वे स्थानकाचे अपत्य. परंतु बीड शहरास प्रवासी रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरहून. तोवर परळी वैजनाथ सोडल्यास जिल्ह्याच्या बहुतेक भागाला स्थानक म्हणजे एस. टी. चे. तरीही धुळे–सोलापूर महामार्गाच्या कडेला, गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंतच्या बसस्थानकांसमोर, महाविद्यालयांच्या फाटकांशी वडापाव कधीच येऊन बसला होता. मिरचीभजी व पुरीभाजी यांच्याशी त्याने आधी स्पर्धा केली, मग त्यांना मागे सारले. अलीकडे यात रंगीत फलक, छापील दरपत्रक, एकसारखे सदरे घातलेली मुले, कागदी वेष्टण व 'कॉम्बो' यांची भर पडली आहे. काही दुकाने खरोखर एखाद्या साखळीची शाखा असतात, काही केवळ तिची नक्कल करतात. रुग्णांच्या तोंडून आम्ही एक वाक्य वारंवार ऐकतो : 'डॉक्टरसाहेब, गाड्यावरचं नाही खाल्लं, चांगल्या दुकानातलं खाल्लं.' या 'चांगल्या'चा अर्थ आपण लावला पाहिजे.

साखळीने काय साधले

चरकाचार्यांनी विमानस्थानात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता ही आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. साखळीच्या लोकप्रियतेचे रहस्य पाहू गेल्यास असे दिसते की, यांपैकी पहिली चार तिने बांधून टाकली आहेत. कोणत्याही शाखेत जा. तोच बटाटा, तीच कृती, तेच मिश्रण, तेच वजन. गोली वडापावाच्या चालकांनी आरंभी वडे हातांनी करविले, तेव्हा चवीत फरक पडू लागला व मालाची चोरीही होऊ लागली. म्हणून त्यांनी मॅकडोनाल्ड्सला माल पुरविणाऱ्या विस्टा या कंपनीकडून यंत्रावर वडे करवून, गोठवून शाखांना पाठविण्याचा मार्ग धरला. ग्राहकास जी खात्री हवी असते, ती नेमकी येथून येते. परगावी गेलेल्या माणसाला अनोळखी कढईपेक्षा ओळखीचा फलक जवळचा वाटतो, यात नवल नाही.

प्रकृतीचा विचार करताना एक अडचण प्रथमच लक्षात घ्यावी. बटाटा व मिरची ही दोन्ही द्रव्ये अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या मार्गाने आपल्याकडे आली. पावाचे नावही त्यांच्याच भाषेतले. संहितांत ती नाहीत, आणि निघंटूंतील आलुकाचे गुण आजच्या बटाट्यास जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल. भावप्रकाशात वर्णिलेला वटक हा भिजवलेल्या उडदाचा, बल्य व वातहर. आजचा वडा केवळ नावाने त्याच्या घराण्यातला आहे. अनुक्त द्रव्याचे ज्ञान रस, गुण व कर्म पाहूनच करावे लागते. बटाटा गुरू व विष्टंभी अनुभवास येतो. चण्याचे पीठ रूक्ष, कषायानुरस व वातल. मैद्याचा पाव गुरू व चिकट. त्यावर लसूण व मिरचीची तीक्ष्ण, उष्ण चटणी, आणि हे सारे तेलात तळलेले. म्हणजे पोटात गेलेला घास एकीकडे अग्नीवर भार टाकतो व दुसरीकडे पित्तास चेतवितो. 'पोट जड आहे आणि छातीत आग होते' असे रुग्ण एकाच दमात सांगतो, त्याची संगती येथे लागते.

करण म्हणजे संस्कार. येथे हातगाडी व साखळी यांत खरा भेद पडतो, आणि न्यायबुद्धीने पाहिल्यास साखळीच्या बाजूने काही बोलावे लागते. गाड्यावरच्या कढईत सकाळचे तेल संध्याकाळपर्यंत उकळते. दुसऱ्या दिवशी जुन्यावरच नवे ओतले जाते. आपल्या भागात एकेकाळी करडईचे तेल घाण्यावरून येई, ते आता बहुतेक घरांतूनच गेले, मग गाड्यावर कोठून असणार? केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरू नये असा दंडक घातला, आणि २०२२ च्या आरंभापासून तेले व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाची मर्यादा २ टक्के केली. हे प्रमाण मोजण्याचे यंत्र बाळगणे संघटित दुकानास शक्य आहे. बसस्थानकावरील गाडेवाल्यास ते परवडत नाही. तेव्हा साखळीतला वडा सरसकट अधिक अपायकारक, असे म्हणणे आम्हास मान्य नाही.

पण साखळीचा स्वतःचा एक संस्कार आहे, तो म्हणजे गोठवण. कारखान्यात तयार झालेला वडा शीतगृहात राहतो, प्रवास करतो व दुकानात पुन्हा तळला जातो. याला पर्युषित अन्न म्हणावे काय, याविषयी वैद्यवर्गात मतभेद संभवतात. गोठविल्याने कोथ होत नाही, म्हणून नेहमीच्या अर्थाने तो शिळा नव्हे, असे आमचे मत आहे. तथापि वाग्भटाचार्यांनी पुन्हा उष्ण केलेले अन्न वर्ज्य मानले आहे, आणि दोनदा अग्निसंस्कार झालेला हा पदार्थ त्या निर्देशाच्या बराच जवळ येतो. अम्लपित्त व ग्रहणीच्या रुग्णास ताजा तळलेला व गोठवून तळलेला यांतील फरक जाणवतो का, हे आपण विचारून नोंदवू लागलो तर वर्षभरात काही हाती लागेल.

संयोगाबाबत साखळीने गाड्यापेक्षा पुढची मजल मारली. गाड्यावर फार तर चटणी, तळलेली मिरची व वर चहा. दुकानात चीज, मेयोनिज, शेजारी थंड पेय वा मिल्कशेक. लवण व अम्ल पदार्थांसह दूध हा संयोगविरोध, आणि स्निग्धानंतर लगेच शीतपान हे चरकोक्त अठरा विरुद्ध प्रकारांपैकी उपचारविरोधाच्या जातीचे. त्वग्विकाराच्या तरुण रुग्णांस मिल्कशेकचा प्रश्न आम्ही आवर्जून विचारतो. वडा सोडावयास ते तयार नसतात, पण 'बर्गरबरोबर शेक नको, वाटल्यास दुसऱ्या दिवशी नुसता घ्या' हे मात्र ऐकतात.

राशीचे दोन प्रकार आहेत, सर्वग्रह व परिग्रह. प्रत्येक घटकाचे प्रमाण म्हणजे परिग्रह. तो साखळीने तराजूवर पक्का केला. एकूण आहाराचे प्रमाण म्हणजे सर्वग्रह. तो मात्र 'कॉम्बो'च्या युक्तीने वाढविला. एक वडापाव मागावयास आलेला माणूस बटाट्याच्या सळ्या व थंड पेय घेऊन बसतो, कारण वेगवेगळे घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते. गुरू द्रव्य तृप्तीच्या अर्धे वा तृतीयांशच घ्यावे, हा मात्राविचार येथे व्यापाराच्या थेट विरोधात उभा राहतो.

साखळीच्या हाती नसलेले

देश, काल व उपयोक्ता ही तीन आयतने कोणत्याही कारखान्यात बांधता येत नाहीत, आणि वैद्याचे खरे काम येथेच सुरू होते.

देशाबद्दल थोडक्यात. आपला जिल्हा अल्प पर्जन्याचा, बहुतांशी जांगल लक्षणांचा, म्हणजे वातपित्तबहुल. ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा यांतही रूक्षता व तीक्ष्णता आहेच. पण त्यांच्यासोबत ताक, कच्चा कांदा, काकडी, शेंगदाण्याचा वा तिळाचा स्नेह येत असे. वडापाव एकटा येतो.

कालाचे दोन पदर आहेत. ऋतूचा विचार करता, वर्षा ऋतूत अग्नी अत्यंत मंद असतो आणि नेमक्या त्याच ऋतूत जनांस तळलेल्या पदार्थांची ओढ लागते. दुसरा पदर दिवसाचा. आमच्या पाहण्यात वडापावाची मुख्य वेळ दुपारी चार ते सहा ही आहे. दुपारचे जेवण उशिरा, दोन-अडीचला झालेले; ते जिरण्यापूर्वी वडापाव; आणि तो जिरण्यापूर्वी रात्री नऊला पुन्हा भाकरी. हे सरळ अध्यशन होय. कित्येक रुग्णांत पदार्थापेक्षा ही वेळच व्याधीचे मूळ असते, परंतु आपण पदार्थाचे नाव घेऊन मोकळे होतो.

आता उपयोक्ता. चरकाचार्यांनी विरुद्धाहाराचे दुष्परिणाम सांगून झाल्यावर एक मोठा मार्मिक अपवाद दिला आहे : सात्म्य असलेल्यास, अल्प प्रमाणात घेणाऱ्यास, दीप्ताग्नी असलेल्यास, तरुणास, स्नेहयुक्त आहार घेणाऱ्यास व व्यायामाने बलवान झालेल्यास विरुद्ध अन्न बाधत नाही. या अपवादाचा अर्थ बीड जिल्ह्यात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचित अन्यत्र दिसत असेल. दसरा-दिवाळीनंतर येथील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात फडात उतरावे, ऊस तोडावा, मोळ्या बांधाव्यात, डोक्यावरून गाडीत भराव्यात. हा काळही हेमंताचा, म्हणजे अग्नी सर्वाधिक प्रबळ असण्याचा. वाटेत मालमोटार थांबली असता अशा कामगाराने दोन वडापाव खाल्ले तर ते त्याला बाधतील असे शास्त्राच्या आधारे म्हणता येत नाही. त्याची अडचण निराळी आहे : श्रमाच्या मानाने त्याला अन्न अपुरे मिळते, आणि वडापाव भूक मारतो, बल देत नाही. त्याला 'वडापाव सोडा' असे सांगणे निरर्थक आहे. सोबत मूठभर शेंगदाणे व गूळ ठेवा, हे सांगणे उपयोगी आहे.

त्याच कामगाराचा शिकलेला मुलगा तालुक्याच्या गावी मोबाईलच्या दुकानात दहा तास खुर्चीवर बसतो. बापाचे खाणे त्याने सोडलेले नाही, बापाचे श्रम मात्र सुटले आहेत. दीप्ताग्नी गेला, व्यायाम गेला, अल्पताही गेली. अपवादाच्या अटी एकेक करून गळून पडल्या आणि नियम तेवढा उरला. तिशीत मेदोवृद्धी, पस्तिशीत मूत्राची वारंवारता व थकवा घेऊन असे तरुण आपल्याकडे येत आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लक्ष रुग्ण आढळले. आस्यासुख व स्वप्नसुख ही प्रमेहाची कारणे आपणास नव्याने सांगावयास नकोत. ती आता शहरापुरती राहिलेली नाहीत, इतकेच.

शाळकरी मुलांबाबत शासनाने २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात व त्यापासून ५० मीटरच्या आत अतिमेद, अतिलवण व अतिशर्करायुक्त खाद्यविक्रीस मनाई केली आहे. आपल्यापैकी अनेक जण शाळा समित्यांवर आहेत. तेथे हा नियम वाचून दाखविण्यास फारसे धैर्य लागत नाही.

चिकित्सालयात व औषधी भांडारात

रुग्णास तीन प्रश्न विचारावेत असे सुचवावेसे वाटते : किती वाजता खाता, सोबत काय पिता, आणि नंतर किती वेळाने जेवता. या उत्तरांवरून पथ्य ठरवावे. चारच्या वडापावाने ज्याला त्रास होतो त्याला तो वडापाव दुपारच्या जेवणाऐवजी, एकच, शीतपेयाविना घेण्यास सांगितल्यास तो ऐकतो, असा आमचा अनुभव आहे. संध्याकाळच्या भुकेसाठी आपल्या मराठवाड्याची सुशीला पुन्हा पुढे आणावी. मुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन दहा मिनिटांत होणारा हा पदार्थ वड्याच्या तुलनेने पुष्कळच लघु आहे. ज्वारीच्या लाह्या व सोबत ताक हेही उत्तम. एखाद्या होतकरू दुकानदाराने सुशीलेचे नीटनेटके दुकान बसस्थानकासमोर टाकले तर आपण सर्वांनी पहिले गिऱ्हाईक व्हावे.

औषधी भांडाराच्या चालक बंधू-भगिनींशी मात्र थोडे सविस्तर बोलावयाचे आहे, कारण वडापाव खाणारा बहुधा आपल्याकडे येण्यापूर्वी त्यांच्याकडे जातो. 'ॲसिडिटीचे काहीतरी द्या' असे म्हटले की अविपत्तिकर चूर्णाची बाटली पुढे केली जाते. या चूर्णाचा पाठ पाहिल्यास त्यात निम्मा भाग खडीसाखर व तृतीयांश भाग निशोत्तर असतो. म्हणजे मधुमेही ग्राहकास आपण नकळत साखर देतो, आणि महिनोन्‌महिने रोज घेणाऱ्यास रेचनाची सवय लावतो. चूर्ण उत्तम आहे, पण 'मधुमेह आहे का' व 'किती दिवसांपासून घेता' हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ते देऊ नये. सूतशेखराची गोष्ट त्याहून गंभीर. पारद, वत्सनाभ व धत्तूरबीज असलेला हा कल्प वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचा असतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील ई-१ अनुसूचीत येणाऱ्या द्रव्यांच्या वेष्टनावर तशी सूचना छापणे बंधनकारक आहे. शेजाऱ्याला गुण आला म्हणून मागणाऱ्यास तो देणे योग्य नव्हे.

आणखी एक. छातीतील प्रत्येक जळजळ वडापावाची नसते. चाळिशी ओलांडलेला, घाम फुटलेला, डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत कळ सांगणारा, चालताना छाती आवळते म्हणणारा गृहस्थ 'आज वडापाव खाल्ला, गॅस झाला' असे स्वतःच निदान करून आपल्या काउंटरशी उभा असतो. त्याला कोणतेही चूर्ण देण्यात वेळ दवडू नये. खुर्चीवर बसवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि त्वरित हृदयालेखाची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात पाठवावे. भूक मंदावून वजन उतरणे, काळा मल, गिळताना अडखळणे ही लक्षणे सांगणाऱ्यासही बाटली न देता तपासणीस धाडावे. काउंटरवर एक वही ठेवून, जो ग्राहक महिन्यातून तिसऱ्यांदा जळजळीचे औषध मागतो त्याच्या नावापुढे खूण करावी व त्याला जवळच्या वैद्याकडे पाठवावे.